टेपवरचा टाळ

सगळ्या जगाला रविवार असतो, आमच्या घराला गुरुवार. कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, त्यामुळे आमच्याकडे पाहुणे, लग्नाची बोलणी, केस कापणं आणि भांडणं सगळं गुरुवारीच उरकतं. भांडणाचा अड्डा म्हणजे आमचा हॉल. दुपारची जेवणं झाली की तीन बाप्ये सोफ्यावर बसतात आणि जुन्या काळी, साता समुद्रापलीकडे, कुठल्या रॉक बॅन्डने कुणाचं काय उचललं यावर घसा फोडतात. चौथी मी. मी चहा करत असेन असं कुणाला वाटत असेल तर त्याने माझं तोंड ऐकलेलं नाही. चहा ज्याची पाळी असेल तो करतो, मी भांडते.

बॅन्डची खरी नावं मी इथे घेणार नाही. एक तर घेतली की अनोळखी माणसंही अंगावर येतात, आणि दुसरं म्हणजे आमच्यात ती कुणी घेतच नाही. ज्यांचा ड्रम ऐरणीवर घण पडल्यासारखा पडतो ते लोहार. ज्यांचं गाणं एकदा ढगात शिरलं की लवकर बाहेर येत नाही ते ढगवाले. आमचे हे कॉलेजपासून कट्टर लोहारांचे. मी ढगवाल्यांची. एका घरात दोन पक्ष असले तरी संसार होतो, हे मी खात्रीने सांगते. टेप एकच असला की जरा जड जातं, एवढंच.

तिसरा भिडू म्हणजे यांचा शाळेपासूनचा दोस्त. रहाटणीला त्याचं गॅरेज आहे, आधी वडिलांचं होतं, आता तो आणि त्याचा भाऊ बघतात. मला भाभी म्हणतो आणि बेकरीतली ताजी खारी आणल्याशिवाय दारात पाय ठेवत नाही. तोही लोहारांचाच, पण त्याचं म्हणणं सगळ्यांत अचाट. आपल्याकडे वरातीत बेंजोपार्टी जे काय वाजवते ते लोहारांकडून आलंय, वाजवणाऱ्याला पत्ता नसला तरी. पुरावा म्हणून वरातींचे व्हिडिओ घेऊन येतो, आणि मग आम्ही चौघं मान घालून कुणाकुणाच्या मेव्हण्यांचा नाच बघत बसतो.

चौथा मारुंजीला भाड्याने राहतो. हिंजवडीत कंप्युटरवर काम, तेही रात्रपाळीचं, मूळचा परभणीकडचा, तिशीतला. बाइक दुरुस्तीला घेऊन गेला तेव्हा त्याच्या टीशर्टवर लोहारांचं चित्र होतं. आमच्या गॅरेजवाल्याने बाइक बाजूला लावली आणि आधी त्याचीच परीक्षा घेतली. पास झाला म्हणून गुरुवारी आमच्याकडे आला, तो येतच राहिला. मला काकू म्हणतो. पहिल्याच दिवशी मी त्याला बजावलं की काकू म्हणायचं नाही. त्याने मान डोलावली आणि काकूच म्हणत राहिला. त्याचं टुमणं एकच: तुमचे लोहार थोर असतील, पण त्यांचा प्रभाव कधीच संपला, आता कोण ऐकायलंय ते? हे वाक्य टाकायचं आणि आरामात खारी खायची. मग बाकीचे तुटून पडायचे.

आता यांच्याविषयी. आमचे हे चाकणला एका कारखान्यात प्रेस शॉपला आहेत. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे, मोठमोठ्या प्रेस, एक ठोका पडला की पायाखालची जमीन हलते. मी एकदा फॅमिली डेला आत गेले होते, बाहेर आल्यावर तासभर मला स्वतःचंच बोलणं लांबून आल्यासारखं वाटत होतं. कानात घालायचे बूच कंपनी देते. यांच्याकडेही होते, दोरीला बांधलेले, गळ्यात लोंबणारे. कानात घातलेले मी क्वचितच ऐकले. का, तर आवाजावरून कळतं म्हणे. डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, नीट बसली की ठोका भरीव येतो, जरा सरकली की आवाजाला फाटा फुटतो, आणि तो कानाला कळला पाहिजे, नाहीतर मालाची वाट लागते. प्रेस शॉपचे सगळे जुने लोक तसंच करतात. यांना त्याचा फार अभिमान. प्रेसवर उभं राहून कान तयार झाला म्हणायचे, म्हणून मला लोहार कळतात.

आणि कान तयार होताच, त्यात खोटं नाही. आमच्या अड्ड्यावर त्या कानाची दहशत होती. गाणं चालू असताना यांनी बोट वर केलं की सगळे गप्प. आत्ता मागे दुसरी गिटार आली, ती ऐका. आम्हाला ऐकू येवो न येवो, आम्ही मान हलवायचो. गॅरेजवाला तर म्हणायचा, तुझा कान मला दे आणि माझं गॅरेज घे.

लोहारांचं एक गाणं आहे. त्याच्या सुरुवातीला काहीच नाही. मग अगदी हळू, ड्रमच्या कडेला पायाने मिटणाऱ्या दोन झांजा असतात ना, त्यांच्यावर नुसतं टिस, टिस, टिस. पान सळसळावं एवढंच. थोडा वेळ ते चालतं, आणि मग घण पडतो. लग्न होऊन मी चिंचवडच्या एका खोलीत आले, तेव्हा यांनी पहिल्या आठवड्यात मला ते गाणं टेपवर लावून ऐकवलं. मी चाकणजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. रॉक म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि हा माणूस समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतोय. काय वाटलं, म्हणाले. मी म्हटलं, यात टाळ हाय की. आमच्याकडं भजनाला उभं राहण्याआधी टाळकरी असाच दबक्या हातानं धरतो.

एवढा खूश झालेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. त्यांनी कॅसेट मागे घेऊन परत लावली, परत लावली, आणि दर वेळी त्या टाळाच्या जागी माझ्याकडे बघून हसले. पुढे ते सगळ्यांना सांगत सुटले, बायकोनं पहिल्याच फटक्यात टाळ पकडला. त्यांचं लोहारांबद्दलचं सगळं तत्त्वज्ञानच त्यावर उभं राहिलं. घण कुणीही मारेल राव, म्हणायचे, पण घणाआधी असं दबकत यायचं हे लोहारांनी शिकवलं, नंतरच्या सगळ्यांनी ते उचललं. मी ढगवाल्यांच्या पक्षात गेले तरी त्या गाण्यावर कधी बोलले नाही. ते आमच्या दोघांचं गाणं होतं.

तर मागच्या उन्हाळ्यात मारुंजीकराने नवा स्पीकर घेतला आणि मिरवत आमच्याकडे आणला. फोनवरून काय लावू, विचारलं. हे म्हणाले, आमचं लाव. त्याने लावलं. यांनी बोट वर केलं. टिस, टिस, टिस सुरू झालं. हे बोट वर धरून बसलेले, चेहऱ्यावर वाट बघण्याची खूण. मग घण पडला आणि यांचं बोट खाली आलं.

काढून टाकलंय, म्हणाले. टाळच काढून टाकला लेकांनी.

आता यावर कुणी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं की नाही? पण मी सांगितलं ना, त्या कानाची दहशत. मला टाळ चांगला ऐकू आला होता. मला वाटलं, हे काहीतरी त्याहून बारीक म्हणत असतील, जे मूळ टेपमध्ये होतं आणि आपल्याला कधी कळलंच नाही. गॅरेजवाल्यालाही तसंच वाटलं, नंतर त्याने सांगितलं. मारुंजीकर जरा चुळबुळला, म्हणाला, मला तर ऐकू यायलंय. त्यावर हे हसले. तू मूळचं ऐकलंच नाहीस, तुला काय कळणार. आणि मग रीमास्टरवर घसरले. जुनी रेकॉर्डिंग नव्याने काढताना कंपन्या सगळं घासूनपुसून सपाट करतात, आवाज मोठा करतात आणि जीव काढून घेतात. मारुंजीकराने फोनवर शोधलं तर खरंच, जगभरचे लोक हीच तक्रार करत होते. झालं. आमच्या कोर्टात निकाल लागला. पुढचे कितीतरी गुरुवार बेंजो नाही की ढगवाले नाहीत, नुसता रीमास्टरच्या नावाने शिमगा.

त्या दिवसांत घरात वॉशिंग मशीन कपडे झाल्यावर शीळ घालून घालून थकायचं. बेल वाजली तर हे दाराशेजारी बसूनही उठायचे नाहीत. माझं म्हणणं, बायकोने हाक मारली की बहिरं होण्याची कला सगळ्याच नवऱ्यांना येते. शेजारणीही हेच म्हणायच्या.

एका गुरुवारी यांनी ठरवलं की दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे. माळ्यावरून जुनी कॅसेट काढली, लग्नाच्या वेळची तीच. पण टेप कधीच भंगारात गेलेला. तर गॅरेजवाल्याने एका मोडीत आलेल्या गाडीचा कॅसेट-प्लेअर काढून आणला, सोबत गाडीची बॅटरी आणि दोन स्पीकर. माझ्या टीपॉयवर वर्तमानपत्र अंथरून ती बॅटरी ठेवली, वायरी जोडल्या. अॅसिड सांडलं तर बघा, मी म्हटलं. मारुंजीकराने असला प्लेअर पहिल्यांदाच जवळून बघितला, तो कॅसेट उलटी घालायला निघाला होता. खूप हसलो त्याला.

कॅसेट लागली. आधी टेपची खरखर, आणि त्या खरखरीतून तो आला. इतक्या वर्षांनी, जसाच्या तसा. टिस, टिस, टिस. माझ्या अंगावर काटाच आला. ती खोली आठवली, आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणारा तो माणूस. मी हसून यांच्याकडे बघितलं.

यांचं बोट वर होतं. चेहऱ्यावर तीच वाट बघण्याची खूण. टाळ चालू होता आणि हा माणूस टाळ सुरू व्हायची वाट बघत होता.

घण पडला. हे दचकले. मग सावकाश म्हणाले, टेप पण गेली वाटतं. उन्हानं उडालं असेल.

गॅरेजवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. त्याचे डोळे भरले होते, एवढा धिप्पाड माणूस. मारुंजीकर घाईघाईने म्हणाला, हो हो, टेप खराब होतेच, मॅग्नेटिक असते ना. फार चांगल्या मनाने खोटं बोलला बिचारा. आणि मला क्षणभर वाटलं, चालू द्यावं. काय बिघडतं? टेप खराब, रीमास्टर खराब, सगळं जग खराब, पण यांचा कान शाबूत. यांच्याकडे दुसरं होतं काय मिरवायला? ना मोठा हुद्दा, ना बंगला. कान होता.

पण उद्या शुक्रवार होता. उद्या सकाळी पुन्हा गळ्यात बूच लोंबकळवून प्रेसपुढे उभे राहणार होते.

हे आमच्या तोंडांकडे बघत होते. ऐकण्यात कमी असेल, बघण्यात नव्हती. दोस्ताला नाही विचारलं, त्या पोरालाही नाही. मला विचारलं.

"तुला आला?"

"आला."

"त्या दिवशी स्पीकरवर?"

"तेव्हाही आला होता."

हे प्लेअरकडे बघत राहिले. गाणं जोरात चालू होतं, ते सगळं त्यांना ऐकू येत असणार, घण, गिटार, ओरडणं, सगळं. मग त्यांनी बटण दाबून ते बंद केलं आणि एक गोष्ट सांगितली. कंपनीत दरवर्षी कानाची तपासणी होते. कानाला हेडफोन लावतात, बारीक आवाज सोडतात, आवाज आला की बटण दाबायचं. म्हणाले, काही वर्षांपासून वरचे आवाज येतच नाहीत. पण ते सोडणारा माणूस ठरावीक चालीत सोडतो. एक, दोन, मध्ये जागा, तीन. मी ती चाल धरायचो आणि ठेक्यावर बटण दाबायचो. दरवर्षी पास.

गॅरेजवाल्याला हसावं की रडावं कळेना. त्याने पुढे होऊन कॅसेट मागे घेतली. का घेतली, तोही सांगू शकला नसता. मग बटणावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी यांच्या शेजारी जाऊन बसले, यांचा हात माझ्या मांडीवर ओढून घेतला. बाहेरची दोन माणसं समोर बसलेली असताना मी असं कधी केलं नव्हतं. कॅसेट लागली आणि टाळ सुरू झाला तशी मी बोटाने यांच्या तळहातावर तो धरला. दबक्या हाताने. यांनी डोळे मिटले. घण पडला तो त्यांना माझ्याशिवाय ऐकू आला.

त्यानंतरचं सगळं दवाखान्याचं आहे आणि दवाखान्याचं कुणाला ऐकायचं असतं? चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख काढून दाखवला, एका बाजूला बरा आणि पुढे दरीत गेलेला. गेलं ते परत येत नाही म्हणाल्या. राहिलंय ते जपा. यांनी कंपनीत स्वतः जाऊन खरं सांगितलं. त्याला मला वाटतं सगळ्यांत जास्त धैर्य लागलं असेल. सुपरवायझर आधी चिडला, मग त्यानेच यांना टूलरूमला घेतलं. तिथे आवाज कमी. बूच आता कानात असतात. प्रेस शॉपच्या बाकीच्यांनाही हे सांगत फिरतात, त्यातले काही ऐकतात, काही हसतात.

माझी आई गावाहून आली होती तेव्हा. जावयाला कानाचं मशीन लावायचं म्हटल्यावर तिने तोंडाला पदर लावला. म्हणाली, आगं, एवढ्यातच व्हय? मी म्हटलं, तुझ्या नातवाला चष्मा लागला तेव्हा रडलीस का? न्हाई, म्हणाली. पण मग रडलीच.

मशीन बसवायला आम्ही दोघंच गेलो. स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर छोटंसं सेंटर, एक मुलगी होती, शांत स्वभावाची. तिने कानामागे ते बसवलं, कंप्युटरवर काय काय फिरवलं, पंख्याचा आवाज येतोय का, कागदाचा येतोय का, विचारत राहिली. हे मान हलवत होते, चेहरा अगदी परीक्षेला बसल्यासारखा. मग ती मला म्हणाली, तुम्ही बोला काहीतरी, नेहमीच्या आवाजात.

घ्या. अख्ख्या सोसायटीत माझ्या तोंडाला लागायला कुणी धजत नाही, आणि तिथे मला एक शब्द सुचेना. शेवटी मी म्हटलं, "मघाशी निघताना गॅस बंद केला होता ना हो मी?"

हे माझ्याकडे बघायला लागले. नुसते बघत राहिले, अनोळखी बाईकडे बघावं तसं.

"तुझा आवाज असा कधी झाला?"

"असा म्हणजे कसा?"

"जाड झालाय. मधे मधे चिरतो. तुझ्या आईसारखा येतोय."

त्या मुलीने समजावलं की सुरुवातीला मशीनमधून सगळेच आवाज वेगळे वाटतात, जरा पत्र्यासारखे, सवय होते. यांनी मान हलवली.

"मशीनचं नाही. मला इतकी वर्षं तुझा लग्नातलाच आवाज ऐकू येत होता. हा कधी झाला, मला कळलंच नाही."

मला राग येतो तेव्हा मी बोलते, आनंद होतो तेव्हाही बोलते, आणि रडू येतं तेव्हा तर थांबतच नाही. त्या खुर्चीत मात्र मी पर्सची चेन उघडत-लावत बसले. मीही इतकी वर्षं स्वतःचा आवाज कुठे ऐकला होता? म्हातारी होत चालले होते, घरभर बोलत बोलत, आणि या माणसाला आत कुठेतरी ती पोरगीच ऐकू येत होती. याचं वाईट वाटावं की बरं वाटावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हे मान जरा पुढे करून बसले होते. गेल्या काही वर्षांत मी बोलताना हे असे बसले होते का, मला आठवेना.

"बोल ना," म्हणाले.

मग मी बोलले. ती मुलगी दार ओढून घेऊन बाहेर जाऊन बसली. काय बोलले ते आता सांगता येणार नाही, भाजीचं, पोराचं, शेजारणीचं, काहीही. हे ऐकत होते.